सॉनिकच्या चाहत्यांना स्मरणरंजनात ढकलू नका

प्रति,
माननीय संपादक,

विषय: जुन्या व्हिडिओ गेमच्या चाहत्यांवरील पुरवणीतील लेख

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या व्हिडिओ गेमच्या चाहत्यांवर नुकताच एक लेख आला. लेख खुसखुशीत होता आणि लेखकाच्या मनात कुणाविषयी आकस नव्हता, हे मान्य करूनच लिहितो. त्याचा एकंदर सूर मात्र असा होता की, तिशी-चाळिशी ओलांडलेली ही मंडळी बालपणात अडकून पडली आहेत, नव्या खेळांशी त्यांचे सूत जुळत नाही आणि म्हणून ती सॉनिकसारख्या एखाद्या जुन्या पात्राला कवटाळून बसली आहेत. मी स्वतः सॉनिकच्या चाहत्यांपैकी आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे लिखाण कोणत्या बाजूने येत आहे याविषयी वाचकांचा गैरसमज व्हायला नको. स्मरणरंजन करणारे आमच्यात आहेतच. ते कोणत्या क्षेत्रात नसतात? पण गेल्या पंचवीसेक वर्षांत या समुदायाने जे काम उभे केले आहे, त्याला स्मरणरंजन म्हणणे म्हणजे जुन्या पोथ्यांचे पाठभेद जुळवत बसणाऱ्या अभ्यासकाला गोष्टीवेल्हाळ म्हणण्यासारखे आहे.

ज्यांचा या मालिकेशी परिचय नाही त्यांच्यासाठी पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. ‘सॉनिक द हेजहॉग’ हा एका निळ्या, वेगवान काटेरी प्राण्याचा खेळ जून 1991 मध्ये सेगा या जपानी कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या यंत्रासाठी आला. अमेरिकेत याच यंत्राला जेनेसिस म्हणत. नाओतो ओशिमा यांनी पात्र रेखाटले, युजी नाका यांनी प्रोग्रॅमिंग केले, हिरोकाझू यासुहारा यांनी टप्प्यांची रचना केली आणि संगीत ‘ड्रीम्स कम ट्रू’ या जपानी बँडच्या मासातो नाकामुरा यांचे होते. दुसरा भाग नोव्हेंबर 1992 मध्ये आला. तिसरा भाग एका कार्ट्रिजमध्ये, म्हणजे खेळ साठवलेल्या आणि यंत्रात खोचायच्या डबीत, मावेना, म्हणून तो दोन तुकड्यांत विकला गेला: फेब्रुवारी 1994 मध्ये ‘सॉनिक 3’ आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘सॉनिक अँड नकल्स’. या दुसऱ्या कार्ट्रिजच्या डोक्यावर एक खाच होती. तिच्यात ‘सॉनिक 3’चे कार्ट्रिज बसवले की दोन्ही तुकडे जोडले जाऊन मूळ योजनेतला सलग खेळ तयार होत असे. पुढे 2001 मध्ये सेगाने यंत्रे बनवणेच बंद केले. ज्या यंत्रासाठी हे खेळ घडवले गेले त्याच्यामागे कंपनी उभी राहिली नाही, ते कसे चालत होते हे सांगणारी कागदपत्रे बाहेरच्या कुणाकडे नव्हती, आणि हाती उरली ती फक्त कार्ट्रिजे. समुदायाचे खरे काम सुरू झाले ते या टप्प्यावर.

ते काम कोणत्या पातळीवर चालते, हे एका उदाहरणाने दाखवतो. सॉनिक वेगाने धावतो, हे सर्वांना ठाऊक आहे. तो नेमका कसा धावतो, हे चाहत्यांनी मूळ यंत्रभाषेतला कोड ओळीओळीने उलगडून लिहून ठेवले आहे. खेळाच्या हिशेबात पडद्यावरच्या प्रत्येक पिक्सेलचे 256 सूक्ष्म भाग पडतात. सपाट जमिनीवर बटण दाबून ठेवले की सॉनिकचा वेग दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक चित्राला, अशा 12 सूक्ष्म भागांनी वाढतो आणि फ्रेममागे 6 पिक्सेल या मर्यादेपर्यंत पोहोचतो. सेकंदाला सुमारे 60 फ्रेम धरल्या तर उभ्या जागेवरून हा वेग गाठायला 128 फ्रेम, म्हणजे दोन सेकंदांपेक्षा थोडा अधिक वेळ लागतो. उतारावर मात्र तो या मर्यादेच्या पलीकडे जातो. अंगाचा चेंडू करून घरंगळला तर घर्षण निम्मे होते आणि वेग आणखी टिकतो. पहिल्या भागात एक गमतीदार विसंगतीही आहे: उतारावरून मिळालेल्या जादा वेगात असताना खेळाडूने पुढचे बटण दाबले, तर वेग वाढण्याऐवजी झटकन 6 पिक्सेलवर उतरतो, म्हणजे जो घाई करतो त्यालाच खेळ मागे खेचतो. दुसऱ्या भागात जमिनीवरची ही मर्यादा काढून टाकली आहे. हजारो लोकांनी हे खेळ लहानपणी खेळले आणि दुसरा भाग जरा मोकळा वाटतो एवढेच त्यांना जाणवले. तो मोकळा का वाटतो, हे कुणीतरी बसून शोधले म्हणून आज सांगता येते.

आता या ज्ञानाचा उपयोग काय, असा प्रश्न कुणी विचारील. ऑक्टोबर 2010 मध्ये सेगाने ‘सॉनिक 4’चा पहिला भाग काढला आणि जुन्या मालिकेचा थेट पुढचा भाग म्हणून तो विकला. चाहत्यांनी त्याला नाके मुरडली, तेव्हा ‘यांना काहीच पटत नाही’ असा शेरा सर्रास ऐकू येत होता. पण तक्रारी काय होत्या ते पाहावे. बटण सोडताच सॉनिक जागच्या जागी थबकतो. जवळजवळ उभ्या असलेल्या भिंतीवर तो न घसरता उभा राहू शकतो. घरंगळत उतार सोडला की हवेत त्याचा चेंडू आपोआप उलगडतो आणि समोरच्या शत्रूपुढे तो उघडा पडतो. या तिन्ही तक्रारी मोजून दाखवता येण्याजोग्या होत्या. वेग कमवायचा, जपायचा आणि योग्य जागी खर्च करायचा, या एका कल्पनेवर ही मालिका उभी आहे, आणि नेमकी तीच कल्पना नव्या भागात निसटली होती. मला तर वाटते, आपल्याकडे ज्याला चोखंदळ समीक्षा म्हणतात तिचाच हा एक प्रकार आहे. फक्त ती आकड्यांत लिहिलेली आहे, म्हणून ती समीक्षा वाटत नाही.

याच्याही आधीचे, 2006 चे एक प्रकरण मला अधिक बोलके वाटते. पंधराव्या वर्धापनदिनानिमित्त सेगाने पहिला खेळ गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या हातात धरायच्या यंत्रावर आणला, तो इतका अडखळत चालत होता की खेळणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येई. या यंत्राची ताकदच तेवढी, असे समर्थन कुणालाही सहज करता आले असते. सायमन थॉमली या चाहत्याने त्याच यंत्रावर त्याच खेळाचा नमुना स्वतः उतरवून दाखवला आणि तो सुरळीत पळत होता. कंपनीला खिजवण्याचा त्यात भाग असेलही थोडासा, पण वाद घालण्यापेक्षा करून दाखवण्याची ही रीत मला आवडते. हेच थॉमली पुढे हेडकॅनन या आपल्या संस्थेमार्फत सेगासाठी अधिकृत काम करू लागले.

पाठभेदांचा उल्लेख मी वर केला तो उगाच नाही. पहिल्या खेळाच्या जपानी कार्ट्रिजमध्ये ग्रीन हिल या टप्प्यावरचे ढग आपोआप सरकत राहतात. त्याआधी निघालेल्या अमेरिकी आवृत्तीत सॉनिक जागेवर उभा असला की ढगही थांबतात. युरोपातल्या टीव्हीची वारंवारता 60 ऐवजी 50 हर्ट्झ असल्यामुळे तिथे पहिला खेळ, संगीतासकट, सुमारे सहाव्या हिश्श्याने मंद चालत असे आणि तिथल्या एका पिढीच्या कानात त्या धून त्याच लयीत बसल्या आहेत. 1993 च्या ‘सॉनिक सीडी’ला जपान आणि युरोपात एक संगीत होते, अमेरिकेत संपूर्ण वेगळे. आता यांतला खरा खेळ कोणता? मूळ कोणते आणि सुधारलेले कोणते, सुधारणा करताना काय हरवले, याची नोंद कंपनीने ठेवली नव्हती. नंतरच्या संग्रहांत कधी ही आवृत्ती तर कधी ती, असे कोणताही खुलासा न देता वापरले गेले. कोणत्या संग्रहात कोणता पाठ आहे हे आज सांगता येते, ते चाहत्यांनी आवृत्त्या शेजारी शेजारी लावून पाहिल्या म्हणून.

यातला सर्वांत रंजक अध्याय हिडन पॅलेसचा आहे, आणि त्यावर जरा सविस्तर लिहिण्याची परवानगी घेतो. दुसरा खेळ येण्याआधी 1992 मध्ये नियतकालिकांत छापून आलेल्या छायाचित्रांत एक हिरवट, चकाकत्या खड्यांनी भरलेला भुयारी टप्पा दिसत होता. खेळ हातात आला तेव्हा हा टप्पा त्यात नव्हता. वेळेअभावी तो काढून टाकला गेला होता, पण त्याचे काही अवशेष कार्ट्रिजच्या पोटात राहून गेले होते. मुलांच्या दुनियेत अफवांना तोटा नसतो. खेळात वाटेवर मिळणारी सोनेरी कडी अमुक इतकी गोळा केली की तिथे जाता येते, तमुक कळ दाबली की दार उघडते, अशा कहाण्या वर्षानुवर्षे फिरत राहिल्या. पुढे 1990 च्या दशकाच्या अखेरीस या खेळाची एक अपुरी, विकासाच्या मधल्या टप्प्यावरची आवृत्ती चाहत्यांच्या हाती लागली आणि त्यात हिडन पॅलेसचा काही भाग प्रत्यक्ष चालून पाहता आला. अर्धवट जमीन, मोजके शत्रू, पुढे काहीच नाही. तरी त्या अर्ध्या टप्प्याने अफवांची जागा पुराव्याने भरून काढली आणि अशा अपुऱ्या आवृत्त्या शोधणे, त्यांची प्रत करून ठेवणे आणि त्यांची अंतिम खेळाशी तुलना करणे, या कामाला तिथून शिस्त आली. 2019 मध्ये तिसऱ्या भागाची अशीच एक आवृत्ती बाहेर आली, त्यानंतर पहिल्या भागाचीही. काढून टाकलेला मजकूर पाहिला की लेखकाच्या मनात काय चालले होते ते कळते. खेळ घडवणाऱ्यांच्या बाबतीतही हे तितकेच खरे आहे.

हिडन पॅलेसची गोष्ट तिथे संपली नाही. दुसऱ्या भागातल्या मिस्टिक केव्ह या टप्प्यात एक कुप्रसिद्ध खड्डा आहे. तळाशी भाले, बाजूच्या भिंती उंच, आणि एकदा पडले की वर येण्याची कोणतीही सोय नाही. खेळाडू अजिंक्य अशा सुपर सॉनिकच्या रूपात असेल तर भाल्यांनी मरतही नाही, ते रूप टिकवणारी कडी संपेपर्यंत तळाशी ताटकळत बसतो. डिसेंबर 2013 मध्ये दुसऱ्या भागाची मोबाइलवरची नवी अधिकृत आवृत्ती निघाली, ती ख्रिश्चन व्हाइटहेड आणि थॉमली या दोन चाहत्यांनी तयार केलेली. त्यांनी हिडन पॅलेस पूर्ण केला आणि त्याची वाट याच खड्ड्याच्या तळातून काढली. ज्यांनी तो खड्डा लहानपणी शिव्या घालत सोसला होता, त्यांनाच या विनोदाची खरी चव कळली असेल. मूळ रचनेतला एक दोष आणि मूळ रचनेतली एक उणीव, दोन्ही एका जागी मिटवणे हे इतक्या जिव्हाळ्याने खेळ जाणणाऱ्यालाच सुचते.

व्हाइटहेड हे ऑस्ट्रेलियाचे. त्यांनी रेट्रो इंजिन नावाची स्वतःची प्रणाली लिहून ‘सॉनिक सीडी’ त्यावर चालवून दाखवला होता. त्यावर सेगाने वकिलाची नोटीस पाठवण्याऐवजी त्यांना काम दिले आणि 2011 मध्ये तो खेळ दोन्ही संगीतांसह अधिकृतपणे बाहेर आला. त्यानंतर ऑगस्ट 2017 मध्ये आला ‘सॉनिक मेनिया’. व्हाइटहेड, हेडकॅनन आणि पॅगोडावेस्ट ही खेळ बनवणारी दुसरी संस्था यांनी मिळून केलेला हा खेळ. संगीतकार टी लोपेस हेही सॉनिकच्या धूनांवर स्वतःच्या रचना करत करत या कामापर्यंत पोहोचलेले. उतार, घर्षण, चेंडू होऊन घरंगळणे, सारे पुन्हा जागच्या जागी बसले. टीकाकारांनी तो उचलून धरला, आणि ज्यांनी मालिकेचे पूर्वीचे भाग खेळलेही नव्हते अशांनीही. सात वर्षांपूर्वी ‘यांना काहीच पटत नाही’ असे ज्यांच्याविषयी म्हटले जात होते, त्यांच्याच मापाने हा खेळ कापलेला होता.

चाहत्यांची बाजू मांडताना एक फरक करायला हवा, नाहीतर हे पत्र वकिलीचे ठरेल. एप्रिल 2019 मध्ये सॉनिकवरच्या चित्रपटाची झलक आली, त्यातले पात्राचे रूप पाहून जगभर गदारोळ झाला आणि दिग्दर्शक जेफ फाउलर यांनी काही दिवसांतच रूप बदलण्याचे जाहीर केले. प्रदर्शन नोव्हेंबर 2019 वरून फेब्रुवारी 2020 वर गेले. हा चाहत्यांचा विजय म्हणून अजूनही सांगितला जातो. मला तो तितका अभिमानास्पद वाटत नाही. आरडाओरडा करायला जाणकारी लागत नाही, आणि मुदतीच्या दडपणाखाली पात्र पुन्हा घडवण्याचे कष्ट कुणाला तरी उपसावे लागले. त्या प्रकरणातली चांगली गोष्ट एवढीच की नव्या रूपासाठी टायसन हेस यांना बोलावले गेले. सॉनिकची चित्रकथा रेखाटलेला आणि ‘मेनिया’ची सुरुवातीची चित्रफीत दिग्दर्शित केलेला हा कलावंत त्या पात्राची नस ओळखत होता.

समुदायाचे इतरही दोष आहेत. दुर्मीळ अपुरी आवृत्ती हाती आली की ती कपाटात कुलूप लावून ठेवणारे आणि मिरवणारे संग्राहक आहेत. कोण खरा चाहता आणि कोण उपरा यावरून वाद झडतात, मालिकेतल्या नंतरच्या त्रिमिती खेळांपासून सुरुवात केलेल्या तरुणांना हिणवले जाते. दुसऱ्या भागाला उच्च दर्जाच्या चित्रांत उतरवण्याचा एक मोठा सामुदायिक प्रकल्प 2012 मध्ये नमुना बाहेर काढून अंतर्गत भांडणांत विस्कटला. त्या नमुन्यात कुलूपबंद करणारी संरक्षक प्रणाली घातली होती, म्हणजे दुसऱ्याच्या खेळावर उभारलेल्या फुकट कामाला स्वतःचे कुलूप. कंपन्यांना मोकळेपणाचे धडे देणाऱ्यांनी असे करावे, हे शोभणारे नव्हते.

आता या पत्राचा खरा मुद्दा. हे सारे काम कंपनीच्या सहनशीलतेवर उभे आहे, हक्कावर नाही. सेगा या बाबतीत उदार समजली जाते आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. चाहत्यांनी बनवलेल्या खेळांचे ‘सॉनिक अमॅच्युअर गेम्स एक्स्पो’ हे प्रदर्शन 2000 पासून भरत आले आहे. पण याच सेगाने 2011 मध्ये ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’ या आपल्या दुसऱ्या मालिकेवरचे, चाहत्यांनी अनेक वर्षे खपून केलेले पुनर्निर्माण प्रसिद्ध होताच काढायला लावले. निंटेंडो या दुसऱ्या कंपनीने ऑगस्ट 2016 मध्ये आपल्या ‘मेट्रॉइड 2’ या खेळाच्या अशाच पुनर्निर्माणाबाबत तेच केले. मालकी हक्काचा प्रश्न मी झटकून टाकत नाही. पात्र कंपनीचे आहे, त्यावर पैसा कमावण्याचा हक्क कंपनीचाच आहे, आणि फुकटात वाटल्याने तो हक्क नाहीसा होत नाही. पण त्या हक्कासोबत जपणुकीची काही जबाबदारी येते की नाही, हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

ती जबाबदारी कशी निसटते ते 2022 मध्ये दिसले. जूनमध्ये ‘सॉनिक ओरिजिन्स’ हा संग्रह येणार होता, म्हणून त्याआधी मे महिन्यातच मूळ खेळांच्या सुट्या डिजिटल आवृत्त्या बहुतेक दुकानांतून काढून घेण्यात आल्या. संग्रह आला तेव्हा तिसऱ्या भागातल्या अनेक टप्प्यांचे संगीत बदललेले होते. त्या संगीताच्या निर्मितीत मायकेल जॅक्सन यांच्या चमूचा सहभाग होता आणि त्या चमूतले ब्रॅड बक्सर यांनी तो पूर्वीच सांगितला होता. आइसकॅप या टप्प्याची धून बक्सर यांच्या जेट्झन्स या जुन्या बँडच्या गाण्यावर आधारलेली आहे, हेही चाहत्यांनी कान लावून शोधून काढले होते. हक्कांची गुंतागुंत असेल तर संगीत बदलणे समजण्यासारखे आहे. पण मूळ संगीतासह खेळ विकत घेण्याचा मार्ग त्याच सुमारास बंद करण्यात आला, आणि हे समजण्यापलीकडचे आहे. भरीस भर म्हणजे संग्रहावर काम केलेल्या थॉमली यांनीच, काम घाईत उरकावे लागले आणि आपले नसलेले दोष नंतरच्या जोडणीत शिरले, अशी नाराजी जाहीरपणे व्यक्त केली.

याच ठिकाणी ‘सॉनिक 3 ए.आय.आर.’ या प्रकल्पाचा उल्लेख करायला हवा. तिसऱ्या भागाचे हे रुंद पडद्याचे, अतिशय देखणे रूप एका चाहत्याने तयार केले आहे आणि ते विनामूल्य आहे. पण त्यात मूळ खेळ दिलेला नाही. खेळणाऱ्याने अधिकृत दुकानातून विकत घेतलेल्या खेळाची फाइल त्याला जोडायची असते, म्हणजे नवे रूप हवे असणारा प्रत्येक जण आधी कंपनीला पैसे देऊन येतो. याहून प्रामाणिक व्यवस्था कोणती असू शकते? आणि नेमकी तीच सुटी आवृत्ती 2022 मध्ये विक्रीतून उठवली गेली. कायदा पाळू पाहणाऱ्या माणसाच्या हातातले तिकीट काढून घ्यायचे आणि मग चोरवाटांविषयी तक्रार करायची, याला काय म्हणावे?

हे एका मालिकेपुरते नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन आणि सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन नेटवर्क यांनी 2023 मध्ये केलेल्या पाहणीनुसार अमेरिकेत 2010 पूर्वी प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी 87 टक्के खेळ तेव्हा बाजारात अधिकृतपणे मिळत नव्हते. सॉनिक नशीबवान, तो लोकप्रिय आहे, त्याच्यावर चित्रपट निघतात, त्याला पुन्हा पुन्हा विकण्यात कंपनीचा फायदा आहे. तरीही त्याची मूळ रूपे सहज मिळेनाशी होतात. ज्या खेळांना असा समुदाय लाभला नाही त्यांची काय कथा? ऑक्टोबर 2024 मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने, ग्रंथालयांनी जपलेले विक्रीबाहेरचे खेळ संशोधकांना दुरून उपलब्ध करून देण्याची सवलत नाकारली. विक्रीबाहेर गेलेले पुस्तक ग्रंथालयातून घरी नेता येते. विक्रीबाहेर गेलेला खेळ पाहायला अभ्यासकाने प्रवास करून त्या इमारतीत जायचे. लोक तो करमणुकीसाठी वापरतील, ही भीती हक्कदारांनी पुढे केली होती. कादंबऱ्या करमणुकीसाठी वाचल्या जातील या भीतीने ग्रंथालयांना कुणी टाळे लावलेले नाही.

माझी अपेक्षा फार मोठी नाही. नवा संग्रह काढताना जुनी आवृत्ती विक्रीत राहू द्यावी, किंवा निदान मूळ खेळ जसाच्या तसा त्या संग्रहात एका कोपऱ्यात ठेवावा. तिसऱ्या भागासारखी हक्कांची अडचण असेल तर ती खरेदी करणाऱ्याला विक्रीआधी स्पष्ट शब्दांत सांगावी. जे काम नफ्यासाठी नाही आणि ज्यात मूळ खेळ वाटलेला नाही, अशा कामाला कायद्याने संरक्षण द्यावे, म्हणजे कंपनीचा वकील बदलला की दहा वर्षांचे कष्ट मातीत जाणार नाहीत. आणि या विषयावर लिहिणाऱ्यांनी चाहत्यांच्या पोशाखांची छायाचित्रे छापून थांबण्यापेक्षा त्यांनी काय शोधले, काय मोजले, काय वाचवले हे विचारावे. दुसऱ्या भागात ध्वनिचाचणीच्या, म्हणजे खेळातले आवाज ऐकून पाहण्याच्या, यादीत 19, 65, 09, 17 हे आवाज क्रमाने वाजवले की हवा तो टप्पा निवडता येतो, हे अनेकांना पाठ आहे. 17 सप्टेंबर 1965 ही युजी नाका यांची जन्मतारीख आहे, हे सांगणारा माणूस मात्र या चाहत्यांत भेटतो. त्याला प्रश्न विचारला तर तो तासभर बोलेल, आणि त्यातली बरीचशी माहिती कुठेही छापलेली नसेल.

आपल्या पुरवणीपुरती एक छोटी विनंती आहे. नाटकाविषयी लिहिताना आपण नाटककार आणि दिग्दर्शक यांची नावे देता, पुस्तकाविषयी लिहिताना प्रकाशनवर्ष आणि आवृत्ती देता. यापुढे एखाद्या व्हिडिओ गेमचा उल्लेख आला तर त्याच्या निर्मात्यांची नावे, प्रसिद्धीचे वर्ष, तो कोणत्या यंत्रासाठी होता आणि लेखकाने त्याची कोणती आवृत्ती पाहिली, एवढे तरी छापावे. संदर्भित लेखात सॉनिकचे जे छायाचित्र होते ते 1991 च्या खेळातले म्हणून छापले गेले, पण रुंद पडद्याच्या मांडणीवरून ते नंतरच्या एखाद्या आवृत्तीतले असावे असे दिसते. शक्य असल्यास पुढील अंकात तशी दुरुस्ती करावी.

कळावे,

आपला,
एक नियमित वाचक